सात नंबरचं घराणं

आमच्या डुक्कर पैदास केंद्रात त्यांना सगळे बहाद्दर म्हणायचे. पूर्ण पदवी अंगठेबहाद्दर. लिहिता-वाचता न येणाऱ्याला असं म्हणतात, आणि यांना तर साठीला टेकल्यावरही चष्म्याशिवाय औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचता यायचं. पण त्यांची सगळी विद्या उजव्या अंगठ्यात, म्हणून कुण्या रिकामटेकड्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. डुकराच्या शेवटच्या बरगडीमागे, कण्यापासून चार बोटं खाली, ते अंगठा दाबायचे, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. कातडीखाली चरबीचा थर किती मिलिमीटर, तो आकडा. मग मशीन लावायचं. मशीन बहुतेक वेळा तेच सांगायचं. नाही सांगितलं तर बहाद्दर म्हणायचे, "मशीनला काहीतरी झालंय." दोनदा खरोखरच झालेलं निघालं.

मी तिथे नोंदी ठेवायचे. तीस वर्षं एकच टेबल, एकच खिडकी आणि खिडकीबाहेर डुकरं. लोक विचारतात, वासाचं काय? वासाचं काहीच नाही. आठवड्याभरात नाक शहाणं होतं. साहेबलोकांची सवय मात्र मला शेवटपर्यंत झाली नाही.

पहिले मोठे साहेब तेवढे माणसासारखे होते. केंद्र सुरू केलं तेव्हा त्यांनी आठ जातींची डुकरं आणून आठ घराणी लावली. घराणं आईवरून चालायचं. पिल्लू तीन दिवसांचं झालं की आईच्या नंबराप्रमाणे त्याच्या कानाला खाच पाडायची. खाच पाडताना मसुराच्या डाळीएवढा कानाचा तुकडा पडतो. साहेबांनी मला सांगितलं, "हे तुकडे फेकायचे नाहीत. कागदी पाकिटात घाला, वर नंबर टाका, पत्र्याच्या डब्यात ठेवा. कधीतरी लागतील." साहेब बदलून गेले, नंतरचे चार साहेब आले आणि गेले, कुणाला त्या डब्यांची आठवणही नव्हती. पण थांबा असं मला कुणी म्हटलं नाही, म्हणून मी थांबले नाही. माझ्या टेबलामागे छतापर्यंत डबे झाले.

सात नंबरचं घराणं म्हणजे जुनी, काळपट, लोंबत्या कानांची जात. वाढायला हळू, खायला पुढे, आणि दिसायला, बहाद्दरांच्या बायकोच्या भाषेत, "पोतं सुटल्यासारखी". पण मांस कापलं की लाल धाग्यांमधून पांढऱ्या चरबीच्या बारीक रेघा गेलेल्या दिसायच्या. चव त्या रेघांची असते. तव्यावर टाकलं की त्या आतल्या आत वितळतात आणि मांस कोरडं पडत नाही. हे मला बहाद्दरांनी शिकवलं.

मग वरून नवा नियम आला. लोकांना चरबी नको, पातळ पाठीची डुकरं हवीत. दर दोन वर्षांनी घराण्याची जुनी मादी काढायची, तिच्या लेकी मोजायच्या, आणि जिच्या पाठीवर सगळ्यात कमी चरबी ती एकच पुढे ठेवायची. बाकीच्या लॉरीत. घराण्याचे नर तर पहिल्याच वर्षी गेले. नराचं बीज बाटल्यांतून बाहेरून यायला लागलं, पातळ पाठीच्या नामांकित नरांचं.

बाकीच्या सात घराण्यांना बहाद्दरांनी नियम लावला, चोख लावला. सात नंबरला नाही.

मोजताना मशीनची काच त्यांच्याकडे असायची आणि रजिस्टर माझ्याकडे. ते आकडा म्हणायचे, मी लिहायचे. इतर डुकरांचा आकडा ते पटकन म्हणायचे. सात नंबरच्या लेकी आल्या की अडखळायचे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं बोलायला वेळ लागतो. दुसऱ्या खेपेला मी पेन पडल्याचं निमित्त करून वाकले आणि काच बघितली. काचेवर सतरा होता. बहाद्दर म्हणाले, "बारा." शेजारच्या पातळ पाठीच्या बहिणीला मशीन लावलं, काचेवर बारा, आणि बहाद्दर म्हणाले, "सतरा." मी सरळ बसले आणि सांगितलं तसं लिहिलं. जाड पाठीची राहिली, पातळ पाठीची गेली.

बाहेर हौदाशी हात धुताना मी म्हटलं, "दादा, माझी नोकरी घालवाल."

"तुम्ही वाकला तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले. "ताई, हे घराणं पातळ झालं तर पुन्हा जाड होणार नाही. खाण तशी माती. जी पाठीला भरलेली, ती आतूनही भरलेली. तेवढी एक धरून ठेवायची. आज ना उद्या कुणाला तरी अक्कल येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर आपण दोघं मरू, आणि रजिस्टर उंदीर खातील."

असं बावीस वर्षं चाललं. अकरा पिढ्या. दर दोन वर्षांनी ते दोन आकड्यांची अदलाबदल करायचे आणि मी मान खाली घालून लिहायचे. मला भीती वाटायची आणि मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू. आयुष्यात मी दुसरं कुठलंही धाडस केलेलं नाही.

त्यांचं घर म्हणजे शेडच्या भिंतीला लागून असलेली दोन खोल्यांची क्वार्टर. एका खोलीत पलंग, दुसरीत स्टो आणि टेबल. भिंतीपलीकडे डुकरिणीने कूस बदलली तरी पलंगावर कळायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, काडीसारखी बारीक होती आणि तोंडाने तिखट. मला म्हणायची, "हे पहिल्यांदा भेटले ना, तर माझ्या तोंडाकडे बघेनात. पाठीकडेच बघत होते. मी म्हटलं, हा माणूस मला लॉरीत घालणार." त्यावर बहाद्दर खाली बघून हसायचे.

केंद्रात एक रीत होती. कापायला गेलेल्या प्रत्येक घराण्यातल्या एका डुकराच्या मांसाचा तुकडा परत यायचा. तो फक्त मीठ लावून भाजायचा, आणि कर्मचाऱ्यांनी चवीला दहापैकी गुण द्यायचे. बहुतेक जण न चाखताच सहा लिहायचे. सात नंबरचा तुकडा मात्र बहाद्दर क्वार्टरमध्ये न्यायचे आणि मला जेवायला बोलवायचे. चौथ्या पिढीच्या वेळचं ते जेवण मला चांगलं आठवतं. पांढऱ्या पायांची मादी होती ती, पातळ पाठीची, लॉरीत गेलेली. वहिनीने तुकडा तव्यावर टाकला आणि खोलीत असा वास सुटला की त्यांची शाळेतून आलेली लेक दप्तर न काढताच टेबलाशी येऊन बसली. वहिनी एक घास खाऊन चूप झाली, म्हणजे बघा. मग म्हणाली, "जन्मात असं खाल्लं नाही."

बहाद्दरांचा चेहरा उजळला. "ही तर पातळ पाठीची," ते म्हणाले. "हिची ही चव, तर जी ठेवली आहे तिची काय असेल!"

आम्ही त्या दिवशी दहापैकी दहा लिहिले. ते पान अजून रजिस्टरात आहे.

पुढे काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. लेक शिकली, नोकरीला दूर गेली, लग्न केलं. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली, दुखणं आठ दिवसांचं. तेव्हापासून बहाद्दर भिंतीपलीकडच्या आवाजावर झोपायचे आणि त्याच आवाजावर उठायचे. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, इकडे या, चौथ्या मजल्यावर आहे, हवा छान येते." ते म्हणायचे, "बघू." फोन ठेवून मला म्हणायचे, "चौथ्या मजल्यावर मी काय करू? हवा खाऊ?"

इकडे पातळ पाठीच्या सात घराण्यांची दशा झाली होती. डुकरं इतकी भित्री की लॉरीत चढवतानाच ताठ होऊन पडायची. दार आपटलं तरी एखादं मरायचं. जी पोचायची त्यांचं मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटलेलं. तव्यावर टाकलं की निम्मं व्हायचं. घेणारे ओरडायला लागले. मग तपासणीसाठी वरून एक डॉक्टर मुलगी आली. वयाने लहान, पण आमच्याशी बोलताना खुर्चीवरून उठायची, म्हणून मला आवडली. तिने रक्त घेतलं आणि समजावून सांगितलं. ज्या नामांकित नरांचं बीज आणलं त्यांच्या रक्तातच एक दोष होता. तोच दोष पाठ पातळ करतो, तोच भीती घालतो आणि तोच मांस फिकट करतो. पातळ पाठीमागे धावताना आम्ही बावीस वर्षं तो दोषच वेचून वेचून वाढवला होता.

"म्हणजे नियम पाळला म्हणून हे झालं?" मी विचारलं.

"हो मावशी, फार नीट पाळला म्हणून."

मला इतका राग आला की मी रजिस्टर मिटून टाकलं.

महिन्याभरात पत्र आलं. केंद्र बंद. सगळी डुकरं काढायची. खाली एक ओळ होती, ती तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी मोठ्याने वाचली. एखाद्या जुन्या घराण्यात मांसातल्या चरबीचा मूळ गुण शिल्लक असल्याचं तपासणीत दिसलं, तर ते घराणं एका शेडमध्ये ठेवावं, आणि त्याच्या देखभालीला एक माणूस ठेवावा.

बहाद्दरांच्या निवृत्तीला चार महिने होते. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, सात नंबरचं घराणं शिल्लक आहे. मी बावीस वर्षं खोटे आकडे सांगितले."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मी म्हटलं, "आणि मी लिहिले." आता दोघांनाही घरी पाठवतील असं मला वाटलं. पण साहेबांना त्यात आपलाही फायदा दिसला असावा, कारण ते हळूहळू हसायला लागले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" म्हणाले. आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, हे मी विचारलं नाही.

ते पंधरा दिवस बहाद्दर वेगळेच दिसत होते. शेडला चुना लावला. गळकी पन्हळ बदलली. सात नंबरच्या सहा माद्या होत्या, एक आई आणि तिच्या पाच लेकी. त्या सहाजणींना ते अंघोळ घालायचे आणि त्यांच्याशी गप्पा मारायचे. "आपलं ठरलं बरं का," मी एकदा ऐकलं. "तुम्ही इथे, मी भिंतीपलीकडे." लेकीचा फोन आला तेव्हा "बघू" म्हणाले नाहीत. "आता नाही जमणार, बाळा. काम निघालंय," म्हणाले.

डॉक्टर मुलीने सहाही जणींचं रक्त नेलं. निकाल आला. गुण एकीतही नव्हता.

मुलगी स्वतः सांगायला आली. बहाद्दर म्हणाले, "पुन्हा तपासा." तिने पुन्हा तपासलं. तेच आलं. मग ती म्हणाली, "जुन्या माद्यांचं काही असतं तर कळलं असतं की गुण कधी होता का, आणि कुठे गेला."

तेव्हा मी उठले आणि डबे दाखवले. तीस वर्षं नेमाने ठेवलेले कानाचे तुकडे. मुलगी पाकिटांवरचे नंबर बघत राहिली, तिचे डोळे मोठे झाले. "मावशी, तुम्ही सोनं ठेवलंय," ती म्हणाली. मला तेव्हा काय आनंद झाला होता! आज वाटतं, ते डबे उंदरांनी खाल्ले असते तर बरं झालं असतं.

महिन्यानंतर ती आली. माझ्याच खोलीत बसली. बहाद्दर दाराशी उभे.

"काका, बसा ना."

"उभा ठीक आहे. सांग."

तिने कागद उलगडला. "सगळ्यात जुनी मादी, तिच्यात गुण आहे. तिच्या लेकीत आहे. नातीत आहे. मग चौथ्या पिढीत दोन बहिणी मोजलेल्या दिसतात. एकीत आहे, एकीत नाही. जिच्यात नाही, ती पुढे ठेवली. तिथून पुढे कुणातच नाही."

"पण जाड होत्या त्या," बहाद्दर म्हणाले. "प्रत्येक वेळी मी जाडच ठेवली. अंगठ्याने बघून ठेवली."

मुलीने कागद खाली ठेवला. तिला सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं. "काका, पाठीवरची चरबी वेगळी आणि मांसातली वेगळी. दोन्ही रक्तातून येतात, पण एकाच खुणेने नाही. पाठ पातळ असून आत भरलेलं असू शकतं. पाठीवर हात ठेवून आतलं कळत नाही. कुणालाच कळलं नसतं."

मग तिने माझं रजिस्टर ओढून चौथ्या पिढीचं पान काढलं. "इथे तर ठेवलेलीचा आकडा बारा आहे आणि गेलेलीचा सतरा. म्हणजे या वेळी तुम्ही नियमाप्रमाणेच..." ती मध्येच थांबली. तिला बहाद्दरांनी सगळ्यांसमोर दिलेली कबुली आठवली असणार. "हे आकडे खरे आहेत का, काका?"

"उलटे आहेत," बहाद्दर म्हणाले.

मुलीला कळलं आणि मलाही कळलं. त्या एका दिवशी बहाद्दरांनी नियम पाळला असता, काचेवरचा आकडा आहे तसा सांगितला असता, तर गुणाची मादी राहिली असती. मुकाट्याने हुकूम पाळणाऱ्या कुठल्याही बिनडोक माणसाच्या हातून सात नंबर तेव्हा वाचलं असतं. ज्याचा त्याच्यावर जीव होता, त्याच्याच हातून ते गेलं. आणि ते लिहिणारा हात माझा.

बहाद्दर माझ्याकडे वळले. "ताई, ती पांढऱ्या पायांची ना?"

मी मान हलवली.

"आपण खाल्ली तीच."

"हो, दादा."

"आमच्या हिने म्हटलं होतं, जन्मात असं खाल्लं नाही." त्यांनी उजवा हात वर करून बघितला, काहीतरी लागलंय का बघावं तसा, आणि खिशात घातला. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार," असं म्हणून ते शेडकडे गेले. दुपारच्या खाण्याची वेळ झाली होती.

दुसरीकडे कुठे या जातीचं काही उरलंय का, ते मुलीने मनापासून शोधलं. नाही उरलं. तिने मला तसं पत्र लिहिलं, ते मी त्यांना दाखवलं नाही.

आता बहाद्दर लेकीकडे असतात, चौथ्या मजल्यावर. मी एकदा जाऊन आले. लेक सगळं नीट करते, जावईही भला आहे. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असतात. मी विचारलं, "दादा, झोप लागते का?" म्हणाले, "इथे भिंतीपलीकडे काहीच वाजत नाही." चहा झाला, मी निघाले. जिना उतरताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

पण लॉरीचा दिवस सांगायचा राहिला. बाकीची घराणी आधीच्या आठवड्यात गेली होती, नेहमीप्रमाणे आरडाओरडा, धक्काबुक्की, तीन लॉरीला लावलेल्या फळीवरच मेली. सात नंबरच्या सहा माद्या शेवटच्या. लॉरीवाल्याने काठी काढली. बहाद्दरांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि भिंतीला उभी केली. "घाबरली तर मांस बिघडतं," म्हणाले. कुणाचं मांस, कशासाठी, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. त्यांनी आदल्या दिवसापासून खाणं बंद ठेवून फक्त पाणी दिलं होतं. फळीवर भुसा पसरला होता, पाय सरकू नयेत म्हणून. मग एकेकीला पुढे घालून, मागे पत्र्याची आडोसा-पाटी धरून, ते हळूहळू चालत राहिले. एकही ओरडली नाही. आपल्या शेडमध्ये जावं तशा गेल्या.

जाणाऱ्या प्रत्येक डुकराचा आकडा नोंदवायचा, हा नियम अजून चालू होता. मशीन खोक्यात भरून गेलेलं. फळीच्या तोंडाशी मी रजिस्टर घेऊन उभी राहिले. पहिली आली, आईच. बहाद्दरांनी तिच्या शेवटच्या बरगडीमागे अंगठा दाबला आणि डोळे मिटले. ते बोलायच्या आतच माझ्या हाताने सवयीने बारा लिहिलं होतं.

बावीस वर्षांत त्यांनी माझ्या रजिस्टरात कधी डोकावून बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

"खोडा, ताई," ते म्हणाले. "सतरा आहे. सतरा लिहा."

मी बारा खोडलं आणि सतरा लिहिलं. ते दुसरीला आणायला गेले.